सही मागाहून, बैठक आधीच

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लगेच लक्षात येईल. बचत गटातून पुढे येऊन तुम्ही राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्य झालात. गावात दोन वस्त्यांमध्ये शेतांकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यावरून दोन वर्षं भांडण चालू आहे आणि मागच्या महिन्यात ते हाणामारीपर्यंत गेलं. तंटामुक्त समितीच्या यादीत तुमच्यासह तीन बायांची नावं आहेत. पण बैठक रात्री देवळात होते, तुम्हाला निरोप येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन सहीसाठी दारात उभा राहतो. सरपंचही बाईच आहेत, पण बैठक त्यांचे दीर चालवतात. घरी नवरा म्हणतो, "पुरुषांच्या भांडणात तुझं काय काम?" आणि शेवटी तुम्ही विचारलंय, अशा भांडणात बायांच्या असण्यानं खरंच काही फरक पडतो, की आम्ही नुसत्या कागद भरायला आहोत?

फरक पडतो. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात निवडून आलेल्या बायांबरोबर चोवीस वर्षं काम केल्यावर हे मी ठामपणे सांगते. मात्र तो फरक खुर्चीवर नाव लागल्यानं पडत नाही, निर्णय व्हायच्या आधी तुम्ही तिथे असलात तरच पडतो. आज तुमच्या गावात निर्णय आधी होतो आणि तुमची सही मागाहून येते. म्हणून सुरुवात सहीपासूनच करू.

शिपाई वही घेऊन दारात येतो, याचा अर्थ त्यांना तुमच्या सहीची गरज आहे. समितीत महिला असाव्यात असं शासनानं ठरवलेलं आहे आणि कागदावर तुमची नावं दिसली नाहीत तर प्रश्न विचारला जाऊ शकतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तेव्हा ही सही फुकट देऊ नका. भांडायचंही नाही. शिपायाला पाणी द्या, वही हातात घ्या, बसून पूर्ण इतिवृत्त वाचा. मग म्हणा, "मी बैठकीला नव्हते, त्यामुळे हजेरीत सही करता येणार नाही. पुढच्या बैठकीचा निरोप लेखी द्या, मी येते." तरीही आग्रह झाला तर सहीच्या जागी "बैठकीची सूचना मिळाली नाही, सबब गैरहजर" एवढं लिहून तारीख टाका. तिघींनी एकाच दिवशी असं केलं तर पुढची बैठक रात्री दहाला देवळात होणार नाही. हे मी किमान सात-आठ गावांत घडताना पाहिलं आहे. जिथे एकटीनंच केलं तिथे मात्र तिला घरच्यांमार्फत गप्प केलं गेलं, हेही पाहिलं आहे. म्हणून आधी त्या दोघींकडे जा.

आता समितीबद्दल थोडं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. गावातले दिवाणी, महसुली आणि आपसात तडजोड करता येण्याजोगे फौजदारी तंटे गावातच सुटावेत, कोर्टकचेरीत माणसं आणि पैसा वाया जाऊ नये, हा तिचा हेतू. हेतू चांगला होता आणि कितीतरी गावांत भावाभावांचे बांधाचे वाद खरोखर संपले. पण ही समिती म्हणजे न्यायालय नाही. ती दंड करू शकत नाही, कुणाला वाळीत टाकू शकत नाही, कुणावर निर्णय लादू शकत नाही. दोन्ही बाजू राजीखुशीनं तयार झाल्या तरच तिथे तडजोड होते. तुमच्या गावात "समितीनं निकाल दिला" अशी भाषा चालत असेल तर पहिल्यांदा ती थांबवा. निकाल म्हटलं की एक जिंकतो, दुसरा हरतो, आणि हरलेला पावसाळ्याची वाट बघत बसतो.

आपल्याकडे तंटा मिटवतात आणि गाठ सोडवतात. मला या दोन क्रियापदांतलं अंतर फार महत्त्वाचं वाटतं. पाटीवरचं अक्षर मिटवलं तरी उजेडात धरलं की पुसट दिसतंच. गाठ मात्र सुटली की दोरी पुन्हा कामाला येते. गावातल्या बैठकांमध्ये सगळा जोर मिटवण्यावर असतो, आणि मिटवायचं म्हणजे बहुतेक वेळा जो दुबळा आहे त्याला गप्प करायचं. बायांनी त्या बैठकीत असायचं ते सोडवण्यासाठी. बाई मुळातच शांत, सोशीक असते म्हणून ती तंटा सोडवते, असं व्याख्यानांतून सांगतात. ते मला पटत नाही. माझ्या अनुभवात बाई तंटा सोडवते कारण तिच्याकडे वेगळी माहिती असते.

एक गाव सांगते. नाव देत नाही. तिथेही पाणंदीचंच भांडण होतं, तुमच्यापेक्षा जुनं, अकरा वर्षांचं. एका शेतकऱ्यानं रस्ता नांगरून बांधाला जोडला होता. पलीकडच्या पंधरा-सोळा घरांना ऊस काढायला वाट नव्हती. पुरुषांच्या बैठकांत अकरा वर्षं एकच विषय, रस्ता आठ फुटांचा की बारा फुटांचा, आणि कुणाच्या आजोबांनी काय कबूल केलं होतं. आम्ही महिला सभेत हा विषय घेतला तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात कुणी फूट-गुंठे काढलेच नाहीत. एकीनं सांगितलं, पावसाळ्यात दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर फिरून जावं लागतं. दुसरीच्या सुनेला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर बाजेवर घालून चिखलातून काढलं होतं. आणि मग ज्यानं रस्ता नांगरला होता त्याच घरातली एक वयस्कर बाई बोलली. ती म्हणाली, "रस्त्याला आमची ना नाही. रस्त्यावर मुरूम टाकून तुम्ही तो उंच केला आणि सगळं पाणी आमच्या वावरात शिरलं. दोन वर्षं भुईमूग कुजला. आमचं कुणी ऐकलंच नाही, म्हणून मालकांनी नांगर घातला."

अकरा वर्षांत ही गोष्ट एकाही इतिवृत्तात नव्हती. तिच्या नवऱ्याला ती सांगण्यात कमीपणा वाटत असावा. पुरुषांमध्ये "माझं नुकसान झालं" म्हणण्यापेक्षा "माझी जमीन आहे" म्हणणं सोपं जातं. त्या वावरात खुरपायला तीच जायची. पाणी कुठे साचतं ते तिच्या पायांना ठाऊक होतं.

त्यानंतर आम्ही शिवारफेरी काढली. दोन्ही बाजूंच्या बाया, सकाळी आठला, डबे घेऊन. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं ते प्रत्यक्ष बघितलं. दोन ठिकाणी सिमेंटच्या नळ्या टाकून मोरी केली तर पाणी पलीकडच्या ओढ्याला जाणार होतं. तो ठराव महिला सभेतून ग्रामसभेत गेला, नळ्यांचा खर्च ग्रामपंचायतीनं केला, आणि रस्ता त्या शेतकऱ्यानं स्वतः मोकळा केला. तहसीलदारांकडचा अर्ज मागे घेतला गेला. रुंदीचा वाद? तो कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

म्हणून तुमच्या भांडणातही आधी हे शोधा की दोन वर्षांपूर्वी नक्की काय बदललं. पाणंद तर आधीपासून होती. मग भांडण आत्ताच का? कुणाची विहीर झाली, कुणाचा वाटा पडला, कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणाच्या मुलीच्या लग्नात कुणाला बोलावलं नाही? हे तुम्हाला पारावर कळणार नाही. गिरणीत, नळावर, रोजगार हमीच्या कामावर, दवाखान्याच्या रांगेत कळेल. आणि बाजू न घेता दोन्ही वस्त्यांत जा. एकाच वस्तीत चहा प्यालात तर दुसरी तुमच्यासाठी बंद झाली असं समजा.

कायद्याचे दरवाजेही माहीत असू द्या, म्हणजे "हे कायद्यात बसत नाही" असं म्हणून तुम्हाला कुणी उडवून लावणार नाही. वापरात असलेली वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन शेतकऱ्यांच्या जमिनींचा ताबा अदलाबदल झालेला असेल आणि तो बारा वर्षांहून जुना असेल, तर 2023 पासून सलोखा योजना आहे. नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त होतो. या तिन्हींतलं तुमच्या गावाला काय लागू पडतं ते ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठी भाऊसाहेबांकडे, सातबारा आणि गावनकाशा समोर ठेवून विचारा. नकाशा पाहायला दोन्ही वस्त्यांतली एकेक बाई बरोबर न्या.

आता महिला सभेबद्दल. ग्रामपंचायत कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती वहीतच होते. अंगणवाडीत हळदी-कुंकवाला जमलेल्या बायांच्या सह्या घेऊन "महिला सभा संपन्न" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. तुम्ही ती खरी भरवा. दुपारी दोन ते चार, शाळेत किंवा समाजमंदिरात, देवळात नको. देवळात सगळ्या जातींच्या आणि सगळ्या धर्मांच्या बाया मोकळेपणानं बसतीलच असं नाही, आणि पाळी असली की आपल्याच कितीतरी जणी पायरीवरून परत फिरतात. ठराव लिहिताना सूचक आणि अनुमोदक म्हणून बायांचीच नावं घाला, प्रत आपल्याकडे ठेवा, आणि तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला की नाही ते आठ दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांना, विचारा.

ग्रामसभेची एक खाच आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून काही गावांत पहिली सभा मुद्दाम रिकामी पाडतात आणि तहकूब सभेत पंधरा जण बसून हवे ते ठराव करून घेतात. यावर उपाय एकच, पहिल्या सभेलाच बायांनी संख्येनं जाणं. बचत गटांच्या बैठकीचा दिवस ग्रामसभेच्या दिवसाला जोडून घेतला तर साठ-सत्तर बाया सहज जमतात. आणि सभेत विखरून मागे बसू नका. तिघी सदस्य पुढे, शेजारी-शेजारी, आणि कोण काय बोलणार ते आधीच ठरलेलं. एकीचं वाक्य मध्येच तोडलं तर दुसरीनं म्हणायचं, "त्यांचं पूर्ण होऊ द्या." एवढं साधं वाक्य, पण ते बोलायला माझ्या बायांना दोन-दोन वर्षं लागली आहेत.

सरपंच बाईंचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रात राग जाणवला. त्यांच्यावर रागावू नका. दिरांना बाजूला करायचा त्यांच्यापाशी एकटीनं काहीच मार्ग नसेल. त्यांच्या घरी जा, सासूबाईंसमोर कामाचं बोलू नका, पंचायत समितीच्या प्रशिक्षणाला बरोबर जायचं निमित्त काढा. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही, आणि नंतर आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. पुष्कळ सरपंच बाई केवळ "अविश्वास आणू" या धाकाखाली दबलेल्या असतात, आणि हा नियम त्यांना कुणी समजावूनच सांगितलेला नसतो. तुम्ही सांगा. तुमच्या बाजूला आलेली सरपंच तीन सदस्यांपेक्षा जड असते.

बाई पदावर बसलेली गावाला किती खुपते, याचं उदाहरण थेट सर्वोच्च न्यायालयाच्या नोंदीत आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या निवडून आलेल्या सरपंचांना, त्या सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात असा आरोप करून अपात्र ठरवलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला आणि गावकऱ्यांना बाई सरपंच म्हणून पचवता आली नाही, हे स्पष्ट शब्दांत नमूद केलं. त्या दिवशी माझ्या फोनवर पंधरा-वीस जणींनी ती बातमी पाठवली. प्रत्येकीला त्यात स्वतःचं गाव दिसत होतं.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. तंटामुक्त समितीत बसाल तेव्हा काही प्रकरणं तुमच्यापुढे "आपसात मिटवा" म्हणून येतील, ती मिटवायची नाहीत. नवऱ्याची मारहाण हा तंटा नव्हे. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, महिला मदतीसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे फोन क्रमांक आहेत. अल्पवयीन मुलीवरचा अत्याचार तर पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा ठरतो. बालविवाह असेल तर गावचे ग्रामसेवकच प्रतिबंध अधिकारी आहेत, त्यांना लेखी द्या. कुणाला वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बलात्काराच्या प्रकरणात "लग्न लावून देऊ" हे वाक्य बैठकीत ऐकू आलं तर उठून थेट पोलीस ठाण्यात जायचं.

हे मी इतकं कळकळीनं सांगते त्याला कारण आहे. तंटामुक्त मोहीम सुरू झाल्यानंतरच्या एका बैठकीत मी होते. माहेरी परत आलेल्या एका मुलीला सासरी पाठवायचं ठरत होतं. तिच्या पाठीवर वळ होते, ते मी पाहिले होते. सगळे म्हणाले, नवऱ्यानं चूक कबूल केली आहे, संसार आहे, एक संधी द्या. बैठकीत मी एकटीच बाई, आणि मला "समजूतदार" म्हणवून घेण्याची हौस होती. मी मान डोलावली. ती मुलगी चार महिन्यांनी भाजलेल्या अवस्थेत जिल्हा रुग्णालयात आली. ती वाचली. पण त्या इतिवृत्तावर माझी सही आहे, आणि त्या गावाला त्या वर्षी तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं. तेव्हापासून "मिटलं" हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, कोणाच्या अंगावर मिटलं?

तुमचा नवरा म्हणतो ते "पुरुषांच्या भांडणात बायांचं काय काम" हे फक्त तुमच्या गावचं वाक्य नाही. देशोदेशीच्या युद्धबंदीच्या टेबलांवर ते वेगवेगळ्या भाषांत बोललं गेलं आहे. ज्यांच्या हातात बंदूक त्यांनाच तहाला बोलावतात, ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना नाही. 31 ऑक्टोबर 2000 ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 1325 क्रमांकाचा ठराव केला तो यासाठीच. शांततेच्या वाटाघाटींत, निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर स्त्रिया असल्या पाहिजेत, असं सुरक्षा परिषदेनं त्यात पहिल्यांदा सांगितलं.

मला त्यापेक्षाही उत्तर आयर्लंडची गोष्ट जवळची वाटते, कारण ती तुमच्या दोन वस्त्यांसारखी आहे. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये तीस वर्षं रक्तपात चालला होता. 1996 मध्ये वाटाघाटींसाठी निवडणूक जाहीर झाली तेव्हा दोन्ही बाजूंच्या बायांनी एकत्र येऊन काही आठवड्यांत महिला आघाडी उभी केली. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, या दोघी टेबलावर जाऊन बसल्या. त्यांची तिथे टवाळी झाली, अपमान झाले. बाकीचे पक्ष सत्ता कोणाची आणि शस्त्रं कधी टाकायची यावर अडले असताना, हिंसेत बळी पडलेल्यांचं काय, दोन्ही समाजांची मुलं एका शाळेत कधी बसणार, हे विषय या बायांनी लावून धरले. 10 एप्रिल 1998 च्या करारात ते मुद्दे आले. त्या भुईमूग कुजलेल्या आजीनं आमच्या महिला सभेत केलं ते यापेक्षा वेगळं नव्हतं. टेबलावर नसलेला विषय तिनं टेबलावर ठेवला.

आणि आपल्याच देशातला नागालँड बघा. तिथे नागा मदर्स असोसिएशन 1984 पासून काम करते. "आता रक्त सांडू नका" म्हणत त्या माता सशस्त्र गटांच्या छावण्यांपर्यंत गेल्या, आणि त्यांचं ऐकलंही गेलं. पण त्याच बाया नगरपालिकेत 33 टक्के जागा मागू लागल्या तेव्हा 2017 मध्ये राज्यात मोठा विरोध पेटला, दिमापूरमध्ये दोन तरुणांचा जीव गेला, मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. राखीव जागांसह निवडणूक व्हायला जून 2024 उजाडला. विधानसभेत पहिल्या दोन बाया 2023 मध्ये पोहोचल्या, राज्य होऊन साठ वर्षं होत आली तेव्हा. बाईनं मध्ये पडून रक्त थांबवलेलं चालतं, पण निर्णयाच्या खुर्चीवर बसलेली चालत नाही. तुमच्या गावात सहीची वही घरी येते, त्यामागेही हाच हिशेब आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत आपलं स्वतःचं बळ आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखांनी शेतकरी बाया जमल्या. पुढे पंचायतींत पूर्ण महिलांची पॅनेलं उभी राहिली, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये ती निवडून आली, आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. हे सगळं पंचायतींत बायांना राखीव जागा देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीच्या आधीचं. मग 1993 पासून देशभर किमान एक तृतीयांश आणि 2011 च्या कायद्यानं आपल्याकडे निम्म्या जागा आल्या. जमिनीचा उल्लेख मी मुद्दाम केला. बांधाच्या वादात "तुझ्या नावावर काय आहे?" असं कुणीही विचारू शकतं. सातबाऱ्यावर नाव लागेल तेव्हा लागेल, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, घरावर नवरा-बायको दोघांचं नाव लावून घेणं तुमच्या हातात आहे. तुमच्या मुदतीत गावातल्या सगळ्या घरांवर ते लावा. पुढच्या प्रत्येक बैठकीत बायांचा आवाज वेगळा लागेल.

दारूचं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, की हाणामारीच्या रात्री दोन्हीकडचे प्यालेले होते. बहुतेक गावांतल्या तंट्यांत तेच असतं. परवान्याचं दुकान असेल तर ते बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान घेता येतं; आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो, उत्पादन शुल्क विभाग सह्या तपासतो, मग गुप्त मतदान. इथे बाया हरतात ते एका गैरसमजामुळे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. माहेरी गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या, पुण्या-मुंबईला मुलाकडे असलेल्या बायांची यादी आधी करा, मगच तारीख मागा. हातभट्टीला मात्र या मतदानाचा उपयोग नाही, तिथे पोलीस ठाण्याचाच पाठपुरावा लागतो. आणि दारूचा विषय पाणंदीच्या विषयात मिसळू नका. एका वेळी एकच.

एक सावधगिरी. बाया म्हटल्या की सगळ्या एका बाजूला, असं होत नाही. तुमच्या दोन वस्त्यांत जातीचा फरक असेल, तुम्ही लिहिलं नाहीत पण बहुधा असेलच, तर महिला सभेत सतरंजीवर कोण बसतं आणि दाराशी कोण उभं राहतं ते बघा. दलित वस्तीतली सदस्य बोलत असताना आपल्याच बाया कुजबुजतात, हे मी पाहिलं आहे. तिघींपैकी एखादी त्या वस्तीतली असेल तर ठरावाची सूचक तिला करा, आणि अनुमोदनाला दुसऱ्या वस्तीतली उभी राहू द्या.

बाया आल्या की निर्णय बदलतात का, यावर आपल्याच देशात नीट अभ्यास झाला आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायती तपासल्या, 2004 मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथे प्रमुखपद बाईला राखीव होतं तिथे त्या भागातल्या बायांनी मागितलेल्या कामांवर खर्च वाढला. पिण्याचं पाणी दोन्हीकडे, पण रस्ते फक्त बीरभूममध्ये, कारण तिथल्या बायांना रस्ता हवा होता. आरक्षण काढलं की सगळं जातं, हेही खरं नाही. दोन मुदती बाईचं काम बघितलेल्या गावांत नंतर खुल्या जागेवरही बाया जास्त निवडून आल्या, असं बीरभूममध्येच दिसलं. तुमची जागा पुढच्या वेळी खुली होऊ शकते. तेव्हा उभं राहायचं असेल तर आज काय केलं ते लोकांना आठवलं पाहिजे.

नवऱ्याला काय उत्तर द्यायचं? वाद घालू नका. शिवारफेरीच्या दिवशी त्यांना टेप धरायला बरोबर घ्या. माझ्या मालकांनाही मी तसंच घेतलं होतं.

आता पुढचा महिनाभर काय करायचं ते सांगते. 15 ऑगस्टची ग्रामसभा समोर आहे. त्याआधी दोघी सदस्यांच्या घरी जा आणि सहीचं ठरवा. मग सरपंच बाई. मग दोन्ही वस्त्यांतून चार-चार बाया, त्यांत एकेक म्हातारी हवीच, कारण जुनी वाट कुठून जायची ते तिलाच आठवतं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी काढा, कोरड्या दिवशी नको. चिखलात पाणी कुठून कुठे गेलं ते उमटलेलं असतं. फोनवर फोटो काढा, पण माणसांचे नको, नुसते पाण्याचे आणि बांधाचे. ते फोटो घेऊन महिला सभा भरवा, आणि ठरावाचा मसुदा मला पाठवा, मी वाचून कळवते.